यमूआत्याची आरोळी

“वैनीच्या छातीत गाठ हाय! दवाखान्यात न्याची हाय! रिक्षा आना गा कोनी!”

शिकेकाईचा वास आला की पन्नास वर्षांपूर्वीची यमूआत्याची ही आरोळी अजून माझ्या कानात घुमते. जरीपटका मोहल्ल्यातल्या आमच्या अंगणात, फेसाळलेले हात वर करून ती ओरडत होती. आईला न्हाऊ घालताना काखेजवळ तिच्या हाताला गाठ लागली होती. कोणाला सांगायचं नाही, अशी आईनं शपथ घातली, आणि ती शपथ न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत टिकली.

त्या काळी बायका ‘छाती’ हा शब्द आपसातही कुजबुजून बोलत. आत्याच्या आवाजानं मात्र तिकडं दूर सावनेरच्या खाणीतली माणसं वर येऊन इकडंतिकडं पाहू लागली म्हणतात! दारात अख्खा रिक्षा स्टँड उभा राहिला. बाबा पेपरामागं लपले. ओल्या केसांची आई आत्याचं तोंड दाबायला धावली. पण आता लपवायचं काय उरलं होतं? आई पदर सावरून रिक्षात बसली.

ऑपरेशन झालं, एक स्तन गेला. त्या बाजूचा हात कायमचा थोडा सुजलेला राहिला. चोळीत एका बाजूला पिंजलेला कापूस भरून आई माझ्या लग्नात नाचली, आणि नातवंडांची डोकीही तिनंच शिकेकाईनं धुतली. आज तो वास मला औषधासारखा वाटतो.

एकदा नातीचे केस धुता धुता आईनं विचारलंच, “यमू, साऱ्या मोहल्ल्यात काहून ओरडली वं तवा?”

आत्या सुपारी कातरत म्हणाली, “आधी हळूच सांगतलं होतं तुले, तं तू शपथ घातली.”