रुखवतातल्या मेणबत्त्या

वैशाखात आमच्याकडे मेणबत्ती पेटवावी लागत नाही, ती आपली आपणच मान टाकते. जळगावचा उन्हाळा ज्याने अंगावर काढलाय त्याला हे सांगायला नको. तरी आईने धाकटीच्या रुखवतासाठी मेणबत्त्याच सजवायच्या ठरवल्या, आणि आईने एकदा ठरवलं की ब्रह्मदेवही तिच्यापुढे हात टेकतो.

साखरपुडा दिवाळीआधी झाला होता. त्यानंतर ऐन थंडीत आईला लकवा मारला. वाकडं झालेलं तोंड हळूहळू सरळ झालं, पायही सावरला, पण उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. बोटं काही केल्या उघडेनात. मुलाकडचे धुळ्याचे. त्यांना आम्ही यातलं अक्षरही कळवलं नाही. ते भेटायला यायचं म्हणाले की कधी ताप, कधी पाहुणे असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. ही सगळी काकूची अक्कल. "पोरीच्या आईचं दुखणं कळलं म्हणून ठरलेलं लग्न मोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय," ती म्हणायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

लग्नात आईने हात पदराखाली धरायचा, मागच्या खुर्चीवर बसायचं आणि अक्षता टाकायच्याच नाहीत, कारण डाव्या हाताने अक्षता म्हणजे अपशकुन. हेही काकूनेच ठरवलं. मला असा संताप आला म्हणून सांगू! पोटच्या पोरीच्या लग्नात आईने चोरासारखं बसायचं? पण धाकटीकडे पाहिलं आणि गप्प बसले. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता. लग्न मोडलं असतं तर ती कोलमडली असती, आणि आईने त्याचा दोष जन्मभर स्वतःच्या हाताला दिला असता.

"हात झाकीन," आई म्हणाली, "पण रुखवत मीच करीन."

तिने कामाची रीत स्वतःच शोधून काढली. साधी पांढरी मेणबत्ती डाव्या हाताने उजव्या मुठीत सरकवायची. वळलेली मूठ सुताराच्या शिकंज्यासारखी घट्ट धरायची. मग माझ्या मुलांच्या मेणखडूंचे उरलेसुरले तुकडे वाटीत वितळवून चमच्याने त्यावर रंग सोडायचा. तो ओला असतानाच ज्वारीचे दाणे, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, जुन्या साडीची लेस चिकटवायची. कापसाच्या बोंडांच्या रिकाम्या कवचांची फुलं करून तीही लाल-पिवळी रंगवली. डावा हात नवशिका, तो थरथरायचा. नक्षी तिरकी जायची. मुठीत धरलेल्या जागी मेण दबून बोटांचे वळ उठायचे. एकदा मी गुपचूप बांगडीचा एक तुकडा सरळ करायला गेले, तर अशी कडाडली, "हात लावू नको! तुह्यं लग्न होऊन गेलं."

काकूने नाक मुरडलं आणि धुळ्यात भाड्याचं रुखवत सांगून ठेवलं. हल्ली तेही मिळतं. चकचकीत, सगळ्या लग्नांत तेच.

लग्न धुळ्याला, गोरज मुहूर्तावर. मेणबत्त्या न्यायच्या कशा? आईने शेतातून केळीच्या खोडाची ओली सालं मागवली, थंडगार असतात ती. त्यांत एकेक मेणबत्ती गुंडाळून खोक्यात भरली. टेम्पोत ते खोकं मी मांडीवर घेऊन बसले आणि वाटभर सालांवर पाणी शिंपडत राहिले. उघडून पाहायची हिंमत होईना. पोहोचल्यावर पाहिलं, सगळ्या ताठ उभ्या! हुश्श म्हटलं, खोकं नवरीच्या खोलीत कूलरसमोर ठेवलं आणि आईला साडी नेसवायला गेले. पदर असा काढला की मूठ नेमकी त्याच्या घडीत लपेल. आई आरशात न बघता उभी राहिली.

परत आले तर खोकं रिकामं.

पळतच मांडवात गेले. काकूने मेणबत्त्या रुखवताच्या टेबलावर मांडल्या होत्या. वरून पत्रे तापलेले, शेजारी व्हिडिओवाल्याचा मोठा दिवा. "म्हटलं शूटिंगमध्ये छान दिसतील," काकू म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता, कारण सगळ्या मेणबत्त्या कमरेतून वाकल्या होत्या. दाणे गळून पडले होते, लेस लोंबत होती. भाड्याचं रुखवत मात्र बाजूला झगझगत होतं.

"काकू, अक्कल गहाण टाकलीस का गं?" मी ओरडलेच. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. मुलाकडच्या बायका रुखवत पाहायला येत होत्या. सर्वांत पुढे विहीणबाई, नवऱ्यामुलाची आई. आणि दुसऱ्या बाजूने, धाकटीचा हात धरून, आमची आई.

आईने टेबल पाहिलं. तिचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं आता ही इथेच रडते. काकू पुटपुटली, "चला वहिनी, आत चला, मी सांगते काहीतरी." आई हलली नाही. तिने खुर्ची ओढली, टेबलाशी बसली आणि पदर बाजूला सारून उजवी मूठ सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली.

काकूने झटकन पदर ओढायला हात घातला. आईने तो ढकलला. "राहू दे व. आता काय झाकतं? पोरीची माय अशीच हाये."

मग तिने एक मऊ झालेली मेणबत्ती उचलली, मुठीत सरकवली आणि डाव्या हाताने हळूहळू सरळ करू लागली. धाकटी माझ्या दंडाला इतकं घट्ट धरून उभी होती की तिची नखं रुतली. मी विहीणबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. त्या आईच्या मुठीकडे पाहत होत्या, मग धाकटीकडे, पुन्हा मुठीकडे. बोल ना बाई काहीतरी, मी मनात म्हणत होते, काय ते एकदाचं बोलून टाक.

आईने सोडल्याबरोबर मेणबत्ती पुन्हा कलली.

"असं नही ऱ्हावाव ते," विहीणबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. नुसत्या हाताने ती ताठ राहणार नव्हतीच. त्यांनी पाण्याच्या जारमधून बर्फाचं पाणी भरून एक पातेलं आणायला लावलं, भरजरी शालूनिशी आईच्या शेजारी बसल्या आणि हात पुढे केला. आई सरळ करी, त्या पाण्यात बुडवून धरत. मेण कडक होई. चार-पाच झाल्यावर त्यांनी एका मेणबत्तीवरच्या बोटांच्या वळांवरून अंगठा फिरवला.

"माले सांगाले काय व्हयनं व्हतं, याहीन?" विहिणीने विहिणीला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

आईने पुढची मेणबत्ती मुठीत सरकवली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात कामात होता.

मुहूर्त जवळ आला. माणसं अक्षतांची ताटं घेऊन फिरू लागली. ठरल्याप्रमाणे आई मागच्या खुर्चीकडे निघाली. विहीणबाईंनी तिला दंडाला धरून पुढे आणलं आणि अंतरपाटाशेजारी उभं केलं. बायकांत कुजबुज झाली. कोणी तरी म्हणालंच, "अहो, पण हात डावा..." विहीणबाईंनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. ताटातून मूठभर अक्षता घेतल्या, आईचा डावा हात धरला आणि त्यात ओतल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. आईचा नेम अजून बसत नव्हता. तिच्या निम्म्या अक्षता विहीणबाईंच्याच डोक्यावर पडल्या, आणि त्यांनी त्या झटकल्या नाहीत.