गेममधली म्हातारी

कुरुंदा गावातला ऑनलाइन सेंटरवाला चहा सांगायला बाहेर गेला, तेवढ्यात मी शहाणपणा करून त्याच्या कॉम्प्युटरवरच्या, खुनी शोधायच्या गेममधल्या बंद दारावर क्लिक केलं. आत खुनी सापडला आणि गेम संपला.

हा माणूस रोज सेंटर उघडलं की आधी पडद्यावरच्या म्हातारीवर क्लिक करून विचारतो, "काय मावशी, बरं हाय ना?"

परत आल्यावर तो पडद्याकडे बघतच राहिला. "दोन वर्षं त्या दाराला हात लावला न्हाई, सर. मला संपवायचाच नव्हता."

"पुन्हा सुरू करा की!"

"खुनी कळल्यावर काय मजा? खोल्या लई मस्त काढल्यात. म्हातारी तेवढी तेच तेच बोलते. पण बोलते तरी."

घरी मी बायकोला म्हातारीपासून खुन्यापर्यंत सगळ्यांची नावं सांगितली.

"दहा वर्षांपासून त्या सेंटरवर जाऊन राहिले तुमी," ती म्हणाली. "त्या सेंटरवाल्याचं नाव काय हो?"