भिंतीवरचं बटण नको

आमच्या गॅरेजच्या शटरची मोटर जळाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बुधवारची सकाळ होती. आबांनी भिंतीवरचं बटण दाबलं, शटर गुडघाभर वर गेलं, वर कुठंतरी गुरगुरलं आणि जळक्या वायरचा वास सुटला. आबा वाकून त्या फटीतून रस्त्याकडं बघत राहिले. मी स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते. मनात म्हटलं, चला, उद्याचा गुरुवार तरी टळला.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाल्यावर एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिच्यासाठी घराची पुढची खोली पाडून गॅरेज बांधलं. आई म्हणायची, माणसांना बसायला जागा न्हाई आणि गाडीला खोली. पण दर गुरुवारी त्याच गाडीच्या पुढच्या सीटवर ती ऐटीत बसायची आणि दोघं नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जायची. आई गेली, तरी आबांचा गुरुवार चुकला नाही. एकटे जायचे, येताना कवठाची बर्फी आणायचे. आई गेल्यावर मी बदली मागून इथल्या शाळेत आले आणि आबांजवळ राहायला लागले. मी एकटी, ते एकटे, असा आमचा दोघांचा संसार.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूचं हळूहळू पुसत चाललं होतं. डॉक्टरांनी आबांना थेंबांची बाटली दिली, आणि ते बाहेर चपला घालत होते तेव्हा मला म्हणाले, "गाडी आता बंद करायला सांगा." मी म्हटलं, सांगते. तो महिना गेला, पुढचा गेला. एका गुरुवारी गाडीचा डावा आरसा लोंबकळत घरी आला आणि आबांना तो कशानं तुटला ते सांगता येईना. दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनीच मला थांबवलं. "बाई, तुमच्या आबांनी माझ्या हातगाड्याला घासलंय. मी काय बोललो न्हाई, वडीलधारं माणूस. पण उद्या हातगाड्याच्या जागी कुणाचं लेकरू असलं तर?"

आता खरं म्हणजे आमचं गाव काही आडपडद्याचं नाही. इथं बाजारात अनोळखी माणूससुद्धा तोंडावर सांगतो, पावणं, तुमचा शर्ट शोभत न्हाई तुमाला. एक घाव दोन तुकडे. मीही वर्गात तशीच. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करते आणि पालकांना बोलावून वर दोन शब्द ऐकवते. पण घरी आबांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मला गाडी शिकवली ती त्यांनीच. एकही ओरखडा न काढता तीस वर्षं टँकर चालवला, हे ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे. ते माणूस मी कसं मोडू? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत झाली होती. आणि त्यातच मोटर जळाली.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून उद्यमनगरात शटरच्या मोटरींच्या दुकानात गेलो. दुकानात सगळीकडं लोखंडाचा आणि ग्रीसचा वास. मालकांनी आबांना पंख्याखाली बसवलं.

"बोला पावणं, शटर केवढं हाय?"

"धा फूट रुंद, आट फूट उंच. जुनं हाय, पट्ट्या जाड हाईत. हलकी मोटर दिऊ नगंस, पयलीनं त्यातच जीव सोडला."

मालकांनी तीन-चार मोटरी दाखवल्या. एक मोबाईलवर चालणारी होती, तिच्याकडं आबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एकीला नुसते रिमोट होते. आणि एकीबरोबर रिमोट तर होतेच, शिवाय भिंतीवर बसवायचं बटणही होतं, चांगलं सुपारीएवढं मोठं. आबांनी ते अंगठ्यानं दोनदा दाबून पाहिलं. "हे बेस्ट. रिमोटचं बारीक काम मला जमत न्हाई."

मी म्हटलं, "बटण नको. नुसत्या रिमोटची द्या."

"का वो मॅडम? त्याच किमतीत हाय की."

"बटण नको," मी पुन्हा म्हटलं. काहीतरी कारण द्यायला हवं होतं. "घरात लहान मुलं असतात. येता-जाता दाबतात."

मालकांनी मान डोलावली. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातलं बटण खोक्यात ठेवलं आणि खोक्याचं झाकण नीट लावलं. आमच्या घरात लहान मूल म्हणून कुणी नाही आणि माझ्यानंतर कधी नव्हतं.

मग आबांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. मिक्सर घ्या नाहीतर पंप घ्या, ते हा प्रश्न विचारणारच. "लाईट गेल्यावर काय करायचं? शटराला टेकून बसायचं व्हय?" मालक हसले आणि त्यांना मोटरीशी नेऊन काहीतरी दाखवू लागले. माझं लक्ष नव्हतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

सोमवारी मी शाळेत असताना मोटर बसली. मिस्त्री आला तेव्हा आबा घरी होते, त्यांनीच उभं राहून काम करून घेतलं. रिमोट मात्र मी आदल्या दिवशीच दुकानातून आणून ठेवले होते. एक पर्समध्ये टाकला. दुसरा शाळेतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये, खडूच्या खोक्यामागं. संध्याकाळी आबांना सांगितलं, "एकच रिमोट आलाय आबा. तुमचा कंपनीतनं यायचाय." इतकं सरळ तोंडानं मी ते बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

"यिऊ दे की," आबा म्हणाले.

पहिला गुरुवार मला स्पष्ट आठवतो. आबांनी अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, टोपी घातली आणि मग कुठं जायचं नाही हे लक्षात आल्यासारखे गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी शाळेतून आले तेव्हाही तिथंच होते. गाडीची काच पुसून लख्ख केलेली. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती, कारण ती काढून घ्यायचं धैर्य मला नव्हतं. बंद शटरच्या आत किल्लीचा काय उपयोग, असा माझा हिशेब.

रविवारी मी त्यांना वाडीला घेऊन जायचे. मी चालवायची, ते शेजारी. दर्शन व्हायचं, बर्फी घेतली जायची, पण रविवारची गर्दी त्यांना आवडायची नाही. दत्ताचा वार गुरुवार, रविवार म्हणजे सहल, असं एकदा म्हणाले. सुरुवातीला दर आठवड्याला विचारायचे, "आला का गं रिमोट?" मी म्हणायची, न्हाई अजून. मग त्यांनी विचारणं सोडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला वाटायचं, आज विचारतील, आज पकडतील. ते विचारायचे नाहीत. गुरुवारी शर्ट-टोपी घालून खुर्चीवर बसायचे तेवढं चुकलं नाही. असे आठ महिने गेले.

मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस दुपारी आबांना दम लागला. सकाळपासून अंगात कणकण होती, जेवले नव्हते. दुपारी बघते तर ओठ काळे पडलेले, आणि बोलताना एकेका शब्दाला थांबत होते. मी त्यांना धरून गॅरेजपर्यंत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि रिमोट दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. तेव्हा लक्षात आलं की पंखा बंद आहे, फ्रिज बंद आहे. गल्लीतला डीपी जळाला होता आणि लाईट गेली होती.

मी शटरला दोन्ही हात लावून वर ढकलू लागले. ते हललं नाही. मी रडायला लागले आणि रडतच रिमोट दाबत राहिले. शाळेत शंभर पोरांना शिस्तीत उभं करणारी मी, मला साधं शेजाऱ्यांना हाक मारायचंही सुचेना.

"त्यो रेनकोट काढ," आबा मागून म्हणाले.

मला वाटलं, भ्रम झाला.

"भिताडावरचा रेनकोट. काढ तो."

शटरच्या उजव्या बाजूला खुंटीला आबांचा टँकरवरचा जुना खाकी रेनकोट कितीतरी महिने लटकत होता. मी तो ओढला. त्याच्यामागं वरच्या मोटरीपासून आलेली लोखंडी साखळी होती, गुंडाळून सुतळीनं नीट बांधलेली.

"सुतळी सोड. पुढची साकळी वड. हळू. दम नगं सोडू."

मी ओढत राहिले. शटर वीत वीत वर जाऊ लागलं. आधी उंबऱ्यावर ऊन आलं, मग गाडीच्या चाकांवर, मग आबांच्या पायांवर.

गाडीत मी त्यांना शेजारी बसवलं. दवाखाना फार लांब नव्हता, पण ती वाट संपता संपेना. पहिल्या सिग्नलला मी विचारलं, "आबा, ती साखळी तुमाला म्हाईत होती?"

"दुकानातच दावलीती की. लाईट गेल्यावर ह्यानं उघडायचं, म्हणून."

"मग रेनकोट?"

"तुला दिसली असती तर शाळंत तुजं ध्यान लागलं नसतं."

मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, तशी मी गाडी काढली. "थर्ड टाक," आबा म्हणाले, कारण मी सेकंडमध्येच गाडी दामटत होते.

आठ महिने. किल्ली खिळ्याला, साखळी हाताशी, आणि घरात दुपारभर ते एकटे. कुठल्याही गुरुवारी ते शटर उघडून वाडीला जाऊन माझ्याआधी परत येऊ शकले असते. मी ज्यांना कोंडून ठेवलं असं समजत होते, ते माझ्यासाठी आत बसून होते.

दवाखान्यातून आबा घरी आले नाहीत. फुप्फुसात पाणी झालं होतं, मग हृदय थकलं. पण मधे एक दिवस त्यांना बराच आराम पडला होता. उशीला टेकून बसले, अर्धी इडली खाल्ली, मला विचारलं, "आज वार कुठला?"

"बुधवार."

मी त्यांच्या पायांशी बसले होते. त्यांच्याकडं न बघता चादरीकडं बघत मी म्हटलं, "आबा, तुमी आता गाडी चालवायची न्हाई. तुमाला बाजूचं दिसत न्हाई. डॉक्टरांनी मला कवाच सांगितलंतं. रिमोट आलाता, मीच तुमाला दिला न्हाई. दुकानात पण खोटं बोलले."

मला वाटलं होतं, ते रागावतील. टँकरची तीस वर्षं काढतील. निदान तोंड फिरवतील.

"बरं," आबा म्हणाले.

मी वर बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, समोरून, म्हणजे त्यांना मी नीट दिसत असणार.

"दुकानातच कळलंतं मला. आपल्या घरात पोरं कुठली? म्हणलं, आज सांगल, उद्या सांगल. आदीच म्हणायचं की गं. गुरवारची एक रजा काढली असतीस, तू चालवली असतीस, मी शेजारी बसलो असतो."

त्यांच्या घशाला कोरड पडली होती. मी पाणी दिलं, तोंड पुसलं आणि बरं म्हटलं.

रजा होत्या माझ्याकडं. भरपूर शिल्लक होत्या.