मायला गोणपाटावर ठेवलं त्या दिवशी

गेटला कुलूप होतं आन माय टेम्पोत होती.

मे महिना. सकाळचे दहा. खाली बर्फाच्या दोन लाद्या, त्यावर माय, तिच्यावर शहागंजच्या बाजारातून आणलेली पांढरी चादर. बर्फाचं पाणी टेम्पोतून रस्त्यावर गळत होतं. किरिस्ती कबरस्तानाच्या गेटच्या आत चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी उभे होते, हातात माझी फाईल. शेजारी चर्चचे पाळकसाहेब. ते आपल्या चपलेकडं बघत होते.

"तुमच्या आईचं नाव मंडळीच्या पुस्तकात नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बाप्तिस्म्याचा दाखला नाही. आणि तुमच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय? हिंदू मांग. कागदावर हिंदू आणि मेल्यावर ख्रिस्ती, असं कसं चालेल? गावाकडं न्या. तुमच्या लोकांची सोय तिकडं असते."

तुमच्या लोकांची.

बावीस वर्षं मायनं ह्यांचं चर्च झाडलं. बाकडी पुसली, नाताळाला जाळ्या काढल्या. तवा ती मंडळीची होती. मेली, आन आमच्या लोकांची झाली.

चूक माझीच. मी बावळट. आम्हा लोकांना सवयच हाय, हापिस म्हणलं की घरातला सगळा कागद पिशवीत घालून न्यायचा, काय लागंल ते साहेबानंच काढून घ्यावं. तसा माझा दाखलाबी त्यांच्या हातात गेला. पिशोरकडच्या आमच्या गावात बाप मला शाळेत घालायला गेला, "किरिस्ती लिवा" म्हणला. गुरुजी म्हणले, "तसलं काय नसतं," आन आमच्या सगळ्या आळीला लिवलं तेच लिवलं. माय तर नदीत बाप्तिस्मा घेतलेली, पायी फिरणाऱ्या एका प्रचारकाच्या हातून. नदी कुठं दाखला देती?

गावाकडं फोन लावला. चुलता रडत होता. "पोरी, इकडं आणू नको," म्हणला. "गावकी म्हणती, किरिस्ताव झालेत, आमच्या मसणवट्यात नाय."

म्हंजे जितेपणी दोन्हीकडं राबायला चालती. मेल्यावर दोन्हीकडं जागा नाय.

माय अंगठाछाप. पण एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात बसायचं. चर्चमधी मागच्या दाराजवळ उभं राहून ऐकायची आन संध्याकाळी वस्तीतल्या बायांना सांगायची. शास्त्रातल्या मोठ्या मोठ्या बायका तिला नको असायच्या. "मरियेचं समदेच सांगत्यात," म्हणायची. तिला दुसऱ्याच बाया लागायच्या. हुल्दा, जिच्याकडं राजानं माणसं धाडली, देवळात सापडलेलं शास्त्राचं पुस्तक खरं का, ते इचारायला. फिबी, जी पौलाची चिठ्ठी घिऊन रोमला गेली. आन रिस्पा. रिस्पावर तिचा लई जीव.

"राजानं तिची दोन पोरं टांगायला दिली," माय सांगायची. "मढी तशीच उघडी टाकली. गाडायची नाय, असा हुकूम. ह्या बाईनं काय केलं? गोणपाट घेतलं, खडकावर आथरलं, आन बसली. सुगीला बसली ती पाऊस पडंस्तोर. दिवसा पाखरू बसू दिलं नाय, रातच्याला जनावर येऊ दिलं नाय. एक शबूद बोलली नाय बघ. पण राजाला हाडं गोळा करून मातीत घालावी लागली."

ऐकताना बाया मायजवळ सरकायच्या. एकीचा नवरा तिला मारायचा. रिस्पा ऐकून ती दुसऱ्या दिवशी दारात जाऊन बसली, घरात गेलीच नाय, सगळी गल्ली बघत होती. त्यानं हात जोडले. हे मी डोळ्यानं बघितलंय.

एकदा चर्चच्या महिला सभेत माय उभी राहिली. "मी रिस्पा सांगू का?" म्हणली. पुढच्या बाकड्यावरच्या एक बाई, मोठ्या घरच्या, गोड हसल्या.

"हौसाबाई, तुम्ही झाडून घ्या. शास्त्र आम्ही सांगू."

सगळ्या हसल्या. मी बारा वर्षांची, मीबी हसले. मला मायची लाज वाटली. मायनं माझ्याकडं बघितलं, झाडू उचलला आन बाहीर गेली. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाय. त्या हसण्याचं काय करू मी? आजबी रात्र रात्र खातं ते मला.

गेटसमोर ते सगळं आठवलं आन माझ्या अंगाला आग लागली.

टेम्पोवाल्याच्या सीटखाली गोणपाट होतं. ते त्याच्याकडून मागितलं. गेटला लागून आथरलं, बर्फ ठेवला, त्याचा हात लावून मायला उतरवली, आन शेजारी मांडी घालून बसले.

"तमाशा करू नका," सेक्रेटरी म्हणाले. "मी पोलिसांना बोलावतो."

"बोलवा."

मग पाळकसाहेबांना म्हणले, "साहेब, बावीस वर्षं शेवटच्या रांगेत तुम्ही ह्याच हातानं तिला, बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळती ती, प्रभुभोजनाची भाकर दिली. तवा पुस्तक नाय बघितलं?"

ते दोन पावलं मागं सरकले.

बारा वाजले, पोलिस काय आले नायत. बर्फ निम्मा झाला. माशा यायला लागल्या. मी ओढणीनं वारत राहिले. एकपण माशी मायच्या तोंडावर बसू दिली नाय. एकच्या सुमाराला वस्तीतल्या बाया आल्या, साताठ जणी, बिगारी कामावरून तशाच. हातात फावडी, कुदळी, घमेली. काय इचारलं नाय. बसल्या. जिचा नवरा मारायचा तीबी होती. त्यांनी रिस्पा ऐकली होती, मला सांगावं लागलं नाय.

दोनला सेक्रेटरी कागद घिऊन आले. "विशेष बाब म्हणून दयेपोटी कोपऱ्यात जागा देतो. तुम्ही मंडळीचे सभासद नाही असं लिहून द्या. आणि कबरीवर नाव लावायचं नाही."

खरं सांगते, हात पेनाकडं गेला होता. बर्फ संपत आला होता. आपली माय उन्हात खराब होतीय हे ज्याला दिसतं त्यालाच ते कळंल. पण पेन हातात घेतलं आन मायचा तो बघणारा चेहरा दिसला, झाडू उचलतानाचा. कागद तिथंच फाडला.

चार वाजता एका रिटायर हेडमास्तरांची मयत यायची होती. पुस्तकातलं नाव. फुलांची गाडी, मागं पाच-पंचवीस मोटारी, सगळ्या रस्त्यात अडकल्या. आम्ही हललो नाय. गाडीतून लोक उतरले, बघायला लागले, इचारायला लागले. तवा कुलूप निघालं. आमच्यासाठी नाय, हेडमास्तरांसाठी.

गेट उघडलं तसं आम्ही मायला गोणपाटासकट उचललं आन आधी आत शिरलो. एवढ्या लोकांदेखत सेक्रेटरींना बायांवर हात टाकता येईना. कोपऱ्यात गेलो नाय. वाटेच्या कडेला, सगळ्यांच्या नजरंसमोर, बायांनी कुदळी मारल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती हेडमास्तरांची. मायची मी केली.

पत्र्याची पाटी लावली. हौसाबाई, हिनं ह्या मंडळीचं चर्च बावीस वर्षं झाडलं. तीनदा उपटून टाकलीय कुणीतरी. मी चौथ्यांदा रोवली. पाचवी घरी रंगवून ठेवलीय.

दर रविवारी उपासना सुटली की मी त्याच चर्चमधी, पुढच्या बाकड्यासमोर उभी राहते आन शास्त्रातली एक बाई सांगते. परवानगी मागत नाय. रिस्पा एक शबूद बोलली नाय, मायबी उलटून बोलली नाय. मी बोलणार. त्या गोड हसणाऱ्या बाई अजून तिथंच बसत्यात. मला झाडून घ्या म्हणायची त्यांची हिंमत झालेली नाय.

एकदा म्हणून बघावं त्यांनी.