लेखात न आलेलं नाव

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या वसाहतीने वर्गणी काढून स्वतःचं इंटरनेट उभं केलं. या नेटविषयीचा ऑनलाइन ज्ञानकोशातला लेख माझे शेजारी सुधारत असतात. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटलं तरी हे गृहस्थ "कशावरून?" विचारतात.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. या नेटची केबल ओढताना त्यांचे यजमान गच्चीवरून पडून वारले.

"भाऊजी, लेखात यांचं नाव घाला ना."

"कुठे छापून आलंय का, वहिनी?"

"अहो, तुम्हीच तर उचललंत त्यांना!"

"मी पाहिलेलं तिथे चालत नाही, छापील पुरावा लागतो."

वहिनी गेल्यावर शेजाऱ्यांनी लेखात नाव लिहिलं, थोडा वेळ पाहिलं आणि स्वतःच पुसलं.

नियम मलाही पटतो. तरी त्यांनी पुढे केलेला चहा मला घेववला नाही.