सेवा म्हणजे उष्टी

वरणाची बादली काकींनी माझ्या हातातून हिसकावून घेतली. गरम वरण मनगटावर सांडलं.

"तुझी सेवा तिकडं," त्या म्हणाल्या आणि बोट दाखवलं. तिकडं माझी आई वाकून उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होती.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. आंदर मावळातलं आमचं गाव. देवळात सप्ताह, शेवटच्या दिवशी गावजेवण. काकी मोठ्या जमीनवाल्या घरातल्या. आम्ही बौद्ध. देव आमचा नाही, पण उष्टी आमची. आई त्यांच्याच खाचरात भात लावायला जाते, म्हणून बोलावलं की जायचं. मजुरी विचारायची नाही. ती 'सेवा'.

मी तळेगावात नर्स आहे. त्या सप्ताहाच्या महिनाभर आधीच काकींच्या सासूबाई आमच्या वॉर्डात होत्या. मी त्यांना चमच्यानं पेज भरवली. त्यांची घाण काढली. तेव्हा काकी माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "लेकीसारखं केलंस गं." त्याच भरवशावर मी बादली उचलली होती. दवाखान्यातला हात गावात येईपर्यंत बाटला.

मनगट भाजत होतं. मी विचारलं, "काकी, सेवा म्हणजे काय?"

"देवासाठी मनापासून करायचं, ती सेवा. त्यात लहान-मोठं नसतं."

"मग बदलू. तुम्ही पत्रावळ्या उचला, मी वरण वाढते."

पंगतीतले एक आबा पुटपुटले, "पोरी, देवाच्या दारात वाद नगं."

"वाद न्हाई आबा. अर्थ इचारतीय."

"गप गं," आई म्हणाली. मी तिच्या हातातली पाटी खाली ठेवली, दंडाला धरून तिला बाहेर आणलं. वाटभर ती रडली. माझ्यावर चिडून रडली.

त्या वर्षी भातलावणीला तिला कुणी बोलावलं नाही. ती दारात बसून खाचरांकडं बघत राहायची. जीव तुटायचा माझा. पण आपलं चुकलं, असं एकदाही वाटलं नाही.

यंदा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सप्त्याची यादी आली. महाप्रसाद सेवा, हार सेवा, वाढप सेवा. पुढं एकेकाचं नाव, मानानं. सगळ्यात खाली: स्वच्छता सेवा, बौद्धवाडी. नाव कुणाचंच नाही.

मी आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटची ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाली, "लिव्ह. आमच्या हातचं खायाला चालत न्हाई, तर आमचा हात उष्ट्यालाबी लागनार न्हाई."

शब्द न् शब्द तसाच ग्रुपवर लिहिला. खाली आईचं पूर्ण नाव टाकलं.

यादी कुणी बदलली नाही. आम्हीही गेलो नाही. जाणार नाही.