बंड होऊ द्यायचं

कंपनीतून आलो की मी कॉम्प्युटरवर राज्य चालवायचो. राजेरजवाड्यांच्या काळातला गेम: शहरं घ्यायची, कर बसवायचा, फौजा पोसायच्या. जिंकलेलं शहर धुमसत राहतं. नवखे तिथे शिबंदी वाढवतात, कर माफ करतात. मुरलेले उलटं करतात. शिबंदी काढून घ्यायची, कर वाढवायचा आणि बंड होऊ द्यायचं. बंडखोर एका झेंड्याखाली मोकळ्या मैदानात येतात. तिथे त्यांना एकदा कापून काढलं की शहर कितीतरी वर्षं गप्प. मला हा डाव फार आवडायचा.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी शिफ्ट इनचार्ज आहे. गेल्या उन्हाळ्यात ठेकेदाराच्या कामगारांची परतीची बस बंद झाली आणि कुरबुर सुरू झाली. साहेबांनी विचारलं, ‘यामागे कोण?’

‘शोधू नका साहेब,’ मी म्हणालो. ‘संध्याकाळचा नाश्ताही बंद करा. आपोआप गेटवर येतील.’

आले. सगळ्यात पुढे माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ. पारशिवनीहून त्याला मीच आणून ठेकेदाराकडे चिकटवलं होतं. माझा साळा म्हणून तो मागे राहील, असं मी धरून चाललो होतो. तो नेमका त्याच कारणाने पुढे आला. मागच्यांना ओरडून सांगत होता, ‘चाला ना बे! भेता काहून? अंदर आपले भाऊजी हायेत!’

मी खिडकीआडून पाहत होतो. शेजारी उभ्या साहेबांनी नावं विचारली. मी सांगितली. त्याचंही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे गेटपास बंद.

त्या संध्याकाळी तो रिकामा डबा घेऊन आमच्या घरी आला. ‘माह्यं नाव कोनं देलं असन जी, भाऊजी?’

‘पाहतो,’ एवढंच बोललो.

‘साहेबाले सांगा नं जरा,’ बायको म्हणाली. मी मान हलवली. महिने गेले, मी मान हलवतच राहिलो. तो आता कळमन्याच्या बाजारात पोती उचलतो.

परवा रविवारी बायकोला सगळं सांगितलं. ती अंबाडी निवडत होती. हात थांबले.

‘तुमी सोता घेतलं त्याचं नाव?’

‘हो.’

तिने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. ‘मले नोका सांगू. त्याले सांगा.’

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते. ‘बोला जी भाऊजी,’ तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम उजळला, ‘झालं का साहेबासंगं बोलनं?’